लिलोची दोन गाणी: लाटांवरचं कोणतं आणि राजाराणीचं कोणतं?

लिलो ही हवाईतली मुलगी आणि स्टिच हा तिचा परग्रहवासी सोबती यांचा डिस्नेचा ॲनिमेशनपट ‘लिलो अँड स्टिच’ (२००२) पाहिलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात त्यातली दोन हवाईयन गाणी एकमेकांत मिसळून गेलेली असतात. तसं होणं साहजिक आहे. दोन्हींत मार्क केअलिई होओमालु यांचा तोच भरदार आवाज आणि हवाईतल्या कमेहामेहा शाळांच्या मुलांचा तोच कोरस आहे. समुद्रही दोन्हींत दिसतो.

‘हवाईयन रोलर कोस्टर राइड’ हे सर्फिंगचं गाणं. नोकरी शोधून थकलेली लिलोची थोरली बहीण नानी, लिलो, नानीचा मित्र डेव्हिड आणि स्टिच फळ्या घेऊन पाण्यात उतरतात, तेव्हा ते वाजतं. होओमालु आणि ॲलन सिल्वेस्ट्री यांनी ते चित्रपटासाठी रचलं. शब्द बरेचसे इंग्रजी, मधूनमधून हवाईयन. ‘हँग टेन’, ‘शाका’, ‘वाइपआउट’ अशी किनाऱ्यावरच्या पोरांची बोली त्यात भरभरून आहे. चाल तर अशी, की पाय आपोआप ठेका धरतात.

‘हे मेले नो लिलो’ चित्रपटाच्या सुरुवातीला येतं. लिलो पोहून ओलेत्यानेच हुलाच्या, म्हणजे हवाईच्या पारंपरिक नृत्याच्या, वर्गात धावत पोचते, तेव्हाचं. ऐकायला तेही प्रसन्न, म्हणून तेही मौजेचंच असावं असं वाटतं. पण ते सगळं हवाईयन भाषेत आहे आणि त्यातले शब्द जुन्या ‘मेले इनोआ’मधून, म्हणजे नावाच्या स्तुतिगीतांमधून घेतलेले आहेत. पहिल्या ओळी हवाईची राणी लिलिउओकलानीला वंदन करतात. मग इंद्रधनुष्याचे रंग आणि हवाईपासून कौआईपर्यंतची बेटं येतात. पुढे तिचा थोरला भाऊ, राजा कालाकाउआ. तो उन्हात न कोमेजणारं फूल आहे. ते फूल मौना केआ पर्वतावर फुलतं, आणि किलाउएआ ज्वालामुखीवर ज्वाळा उजळतात. लिलो फक्त शीर्षकात आहे.

मला हे गाणं फार मोलाचं वाटतं ते इतिहासामुळे. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली हुला दडपला गेला होता; कालाकाउआने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकात तो मानाने परत आणला. १८९३ च्या जानेवारीत अमेरिकी नौसैनिकांच्या पाठबळावर गोऱ्या व्यापाऱ्यांच्या गटाने लिलिउओकलानीला पदच्युत केलं. त्याच दोघांची नावं डिस्नेच्या चित्रपटात पोरं खणखणीत आवाजात घेतात, तीही त्यांच्याच भाषेत.

पण म्हणून सर्फिंगचं गाणं उपरं ठरत नाही. लाटांवर स्वार होणं हवाईत फार जुनं, तिथल्या सरदारांच्या सर्फिंगवरही ‘मेले’, म्हणजे गीतं, रचलेली आहेत. ‘अलोहा’ची साद घालूनच हे गाणं सुरू होतं. मौजेला मात्र इथे पूर्ण मोकळीक आहे.

कानाला फरक पटकन कळावा म्हणून एवढं लक्षात ठेवा: सर्फिंगच्या बोलीतलं इंग्रजी ऐकू आलं की लाटांचं गाणं, ‘कालाकाउआ’ ऐकू आलं की राजाराणीचं. समुद्रकिनाऱ्याच्या रीलला पहिलं खुशाल लावा. दुसरं मात्र एकदा अर्थ समोर ठेवून, शांतपणे शेवटपर्यंत ऐका.