किर्लोस्करांची संगीत नाटके : समीक्षा व स्वीकार

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (३१ मार्च १८४३–२ नोव्हेंबर १८८५) यांच्या नाट्यकृतींविषयी सव्वाशेहून अधिक वर्षे चाललेली चर्चा मुख्यतः ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) व ‘संगीत सौभद्र’ (१८८२) या दोन नाटकांभोवती फिरते. त्यापूर्वीचे ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक चरित्रकारांच्या नोंदीपुरते उरले आहे. नाटककार, नट, नाटक मंडळीचे चालक आणि तालीममास्तर या चारही भूमिका एकाच माणसाकडे असल्याने संहितेचे श्रेय कुठे संपते आणि प्रयोगाचे कुठे सुरू होते, हे ठरविणे समीक्षकांना नेहमीच जड गेले आहे.

सर्वाधिक शाई खर्ची पडली ती आद्यत्वाच्या वादावर. पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि तेथूनच मराठी संगीत नाटकाचा आरंभ मानण्याचा प्रघात पडला. त्याला आक्षेप असा, की मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे ‘नल-दमयंती’ १८७९ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, आले होते व त्यातही पात्रे स्वतः पदे म्हणत. मागे जावे तर विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ (सांगली, १८४३) पद्यमयच होते. मात्र तेथे गाण्याचा भार प्रामुख्याने सूत्रधाराने वाहायचा आणि पात्रांनी त्यानुसार अभिनय व उत्स्फूर्त भाषण करायचे. नुसता सनांचा हिशेब केला तर त्रिलोकेकरांचा दावा सहज झटकता येत नाही. परंतु त्यांच्या नाटकांमागे किर्लोस्करांसारखी टिकून राहिलेली मंडळी आणि शिष्यशाखा उभी राहिली नाही. त्यामुळे ‘पहिला प्रयोग’ आणि ‘परंपरेचा आरंभ’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रेरणेविषयीही मतभेद आहेत. पुण्यात आलेल्या पारशी नाटक मंडळीचा ‘इंद्रसभा’ या उर्दू संगीत नाटकाचा प्रयोग पाहून किर्लोस्करांना मराठीत असे नाटक करण्याची ईर्ष्या झाली, ही कथा चरित्रपर लेखनातून रूढ झाली. ती खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण तिच्यावर फार भार टाकला जातो. किर्लोस्करांचा जन्म गुर्लहोसूरचा, म्हणजे कानडी मुलखातला. त्यांच्या पदांच्या चालींत कानडी वळणे आढळतात, आणि साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे छंद तर कीर्तनकार आणि आख्यानकवींकडून आलेले, श्रोत्यांच्या कानांवर आधीच रुळलेले. तेव्हा ‘इंद्रसभे’ला निमित्त म्हणावे, उगम म्हणू नये.

‘शाकुंतला’वरील टीका साहजिकच कालिदासाशी तुलना करीत राहिली. मूळ श्लोकांची घनता सुमारे दोनशे सुट्या पदांत पातळ झाली, संस्कृतातील सूचकता मराठीत उघड बोलू लागली, असा आक्षेप घेतला गेला. हा आक्षेप वाचकाचा आहे, प्रेक्षकाचा नव्हे. त्या काळचे पद आजच्या नाट्यगीतासारखे विस्ताराने आळवायचे नव्हते; ते बहुधा संवादाचाच तुकडा म्हणून येई आणि पुढच्या वाक्याला वाट देई. पदांची संख्या मोजून नाटक गाण्यांनी बुजले असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले दिसत नाही. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही या नाटकाची नांदी पुढे इतर नाटकांच्या प्रयोगांपूर्वीही म्हटली जाऊ लागली. एवढा स्वीकार क्वचितच कोणत्या पदाच्या वाट्याला येतो.

‘सौभद्रा’चा प्रयोग प्रथम १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, तोही तीन अंकांचाच, झाला, संपूर्ण नाटक पुढील वर्षी रंगभूमीवर आले. येथे मूळ कृतीचा काच नव्हता. सुभद्राहरणाची महाभारतीय कथा किर्लोस्करांनी घरातल्या लग्नाच्या गोष्टीसारखी मांडली : स्थळ ठरवून मोकळा झालेला हट्टी थोरला भाऊ, सगळे जाणून काही न कळल्याचा आव आणणारा कृष्ण, मनातले कुणाला सांगावे हे न कळणारी मुलगी. देवादिकांना एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात आणून बसविले, याची काहींनी तक्रार केली आणि बहुतेकांनी वाखाणणी. रुक्मिणीची समजूत घालणारे ‘नच सुंदरि करू कोपा’ किंवा सुभद्रेचे ‘वद जाउं कुणाला शरण’ प्रसंगातून काढून घेतले तर प्रसंगच लंगडा होतो. ‘शाकुंतल’ कीर्तीने मोठे, पण रचनेच्या दृष्टीने ‘सौभद्र’ सरस, हे मत आता जवळजवळ सर्वमान्य आहे.

प्रयोगाच्या अंगाने पाहता भाऊराव कोल्हटकर व मोरोबा वाघोलीकर या गायक नटांच्या गळ्याचे कौतुक इतके झाले, की त्यांना घडविणारा तालीममास्तर मागे पडला. किर्लोस्करांचे शिष्य नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांची साधी, बोलीच्या जवळची पदरचना हीच गुरूच्या पद्धतीची उत्तम साक्ष ठरावी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’पासून (१८९६) पारशी-हिंदुस्थानी धर्तीच्या चाली आणल्या, आणि खाडिलकरांच्या ‘मानापमाना’नंतर (१९११) ख्यालगायकीचा प्रभाव वाढला. पुढे ‘सौभद्रा’ची पदेही याच नव्या थाटात लांबवून गायली गेली. नाटक थांबते आणि मैफल सुरू होते, हा संगीत रंगभूमीवरील नेहमीचा ठपका मग किर्लोस्करांच्या नावावरही चढला. तो त्यांच्या संहितेपेक्षा या नंतरच्या गायनपद्धतीला अधिक लागू पडतो.

‘रामराज्यवियोग’ (१८८४) लेखकाच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. कैकेयी-मंथरेच्या प्रसंगांतील मनोव्यापारांचे चित्रण ‘सौभद्रा’हून गंभीर वळणाचे आहे; तथापि समीक्षकांनी त्याची दखल बहुधा ओघातच घेतली.