बर्लिन बचाव: कास्पारोवला अडवणारी भिंत

बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांचा एखादा बचाव किती चांगला, हे लोक पटावरची स्थिती बघून ठरवतात. त्या हिशेबाने बर्लिन बचाव कितीतरी वर्षं काठावर पास होत होता. रुय लोपेझ नावाच्या सुरुवातीत पांढऱ्याने तिसऱ्या चालीला उंट बी5 या घरावर आणला की काळ्याने घोडा एफ6 वर काढायचा, इतकी साधी सुरुवात. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या खेळाडूंनी त्याचा बारकाईने अभ्यास केला म्हणून हे नाव पडलं. पुढे लास्करसारख्या जगज्जेत्यानेही तो खेळला. पण त्याऐवजी काळ्याने तिसऱ्या चालीला प्यादं ए6 वर सरकवण्याची पद्धत रुळली आणि बर्लिन मागे पडला.

नाक मुरडायला कारणही होतं. मुख्य प्रकारात आठव्या चालीला वजिरांची मारामारी होते आणि काळ्याचा राजा डी8 वर उघडा उभा राहतो. किल्लेकोट गेला, सी-पट्टीत प्यादी एकामागे एक अडकली, आणि राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी काळ्याच्या तिनांसमोर. नवशिक्यालाही हे पांढऱ्याचं राज्य वाटेल. काळ्याच्या बाजूने काय, तर दोन उंट आणि आत शिरायला जागा न देणारी रचना. पांढऱ्याचं ई5 वरचं प्यादं पुढे सरकलेलं असतं खरं, पण त्यामुळेच त्याच्या भोवतीची पांढरी घरं काळ्याच्या मोहऱ्यांना मोकळी होतात.

2000 साली लंडनमध्ये रशियाच्या क्रामनिकने कास्पारोवविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत हाच बचाव बाहेर काढला. कास्पारोव 1985 पासून जगज्जेता. सुरुवातीच्या चालींची त्याची तयारी आणि वजीर पटावर असतानाचा त्याचा हल्ला, दोन्हींची जगाला धास्ती. क्रामनिकने वजीरच काढून घेतले. पहिल्या, तिसऱ्या, नवव्या आणि तेराव्या डावात बर्लिन झाला आणि चारही डाव बरोबरीत सुटले. मधल्या पाचव्या आणि सातव्या डावात तर कास्पारोव पहिल्या चालीला राजासमोरचं प्यादं सरकवणं सोडून इंग्लिश ओपनिंग या वेगळ्या सुरुवातीकडे वळला. तेरावा डाव दोन गुणांनी मागे असताना, पांढरी मोहरी हातात असूनही, त्याने 14 चालींत बरोबरीत सोडला. लढत क्रामनिकने 8.5–6.5 अशी जिंकली आणि कास्पारोवला एकही डाव जिंकता आला नाही. जगज्जेत्याची अशी अवस्था याआधी 1921 मध्ये कापाब्लांकासमोर झाली होती, आणि तो जगज्जेता लास्कर होता!

माझ्या मते बर्लिनचं खरं मोल इथे कळतं. तो समोरच्याच्या हातातलं आवडतं हत्यार काढून घेतो. क्रामनिकचे दोन्ही विजय मात्र पांढऱ्या मोहऱ्यांनी, दुसऱ्या आणि दहाव्या डावात आले. बर्लिनने फक्त मागची बाजू सांभाळली. ‘बर्लिनची भिंत’ हे टोपणनाव त्यामुळेच शोभतं.

मग काळ्याला जिंकायचंच असेल तर? 2014 मध्ये सोचीला जगज्जेतेपदाच्या लढतीत अकराव्या डावाआधी आनंद कार्लसनपेक्षा एका गुणाने मागे होता, काळी मोहरी होती आणि त्याने बर्लिनच निवडला. वजीर गेल्यावर जिंकण्याची संधी कुठून मिळणार, असं कुणालाही वाटलं असतं. आनंदने 23व्या चालीला प्यादं बी5 वर सरकवून पट पेटवला. ती चाल चांगली होती, संधी खरी होती. पण 27व्या चालीला त्याने हत्ती बी4 वर ठेवला, उंटाच्या तोंडी. त्या त्यागाची भरपाई झाली नाही आणि 45 चालींत डाव, त्याबरोबर लढतही गेली. दोष हत्तीच्या त्या चालीचा, बचावाचा नव्हे. बर्लिन नीरस म्हणणाऱ्यांनी हा डाव जरूर लावून बघावा.

आदल्या वर्षी चेन्नईत हाच बचाव कार्लसनने आनंदविरुद्ध वापरला होता. चौथ्या डावात वजीर गेल्यावरही 64 चाली झुंज चालली आणि बरोबरी झाली. सहाव्या डावात आनंदने चौथ्या चालीला प्यादं डी3 वर सरकवून मुख्य प्रकार टाळला, तरी शेवटी हत्तींच्या अंतिम पर्वात हरला. आज अव्वल खेळाडू पांढऱ्याने खेळताना बरेचदा हीच डी3 ची चाल धरतात. भिंतीला धडका देण्यापेक्षा वजीर पटावर राहिलेले त्यांना परवडतात.