ओळंब्याशिवाय चालणारा तारामासा

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली की बांगडे आणि तारल्यांच्या राशीबरोबर काही तारामासेही वाळूत येऊन पडतात. त्यांपैकी एखादा जिवंत तारामासा समुद्राच्या पाण्याने भरलेल्या डबक्यात उताणा ठेवला, तर थोडा वेळ तो निश्चल दिसतो, मग त्याचे बाहू वळू लागतात आणि काही मिनिटांत तो पालथा, म्हणजे तोंड खाली असलेल्या आपल्या नेहमीच्या स्थितीत येतो. ज्याला मेंदूच नाही, त्याला वर कोणते आणि खाली कोणते हे कसे कळत असावे?

बहुतेक चपळ प्राण्यांच्या शरीरात यासाठी एक प्रकारचा ओळंबा असतो. घोळ किंवा ढोमा साफ करताना डोक्यातून जे पांढरे खडे निघतात, ते त्या माशाच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे खडे होत. कोळंबीच्या जातींत हेच काम स्पर्शिकांच्या बुडाशी असलेल्या पिशवीतील वाळूचे कण करतात आणि कात टाकताना ती हे कण नव्याने भरून घेते. 1893 मध्ये अलोइस क्राइडल यांनी नुकत्याच कात टाकलेल्या कोळंबीला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला आणि वरून लोहचुंबक धरला, तेव्हा चुंबकाची दिशा हीच खालची दिशा समजून ती पाण्यात उलटी झाली. तारामाशात मात्र असा अवयव आढळलेला नाही. त्याच्या तोंडाभोवती चेतातंतूंचे एक कडे असते आणि त्यातून प्रत्येक बाहूत एकेक चेतारज्जू जातो, एवढीच त्याची व्यवस्था.

माझ्या मते या कोड्याचे उत्तर डोक्यात नव्हे, तर पायांत शोधायला हवे. तारामाशाच्या खालच्या अंगाला शेकडो मऊ, पोकळ नलिकापाद असतात. आतील पाण्याच्या दाबाने ते लांबतात आणि स्नायूंनी आखडतात. खडकावर राहणाऱ्या जातींच्या पायांच्या टोकाला चकती असते. तिच्यातून पाझरणारा एक स्राव पाय चिकटवतो आणि दुसरा तो सोडवतो. हे पाय मध्यवर्ती आज्ञेची फारशी वाट पाहत नाहीत, हे जॉर्ज रोमान्स आणि जेम्स कोसार युअर्ट यांनी 1881 मध्येच दाखवले होते. तारामाशाचा तोडून वेगळा केलेला एकटा बाहूदेखील उभ्या पृष्ठभागावर चढू शकतो आणि उताणा केल्यास स्वतःला पालथा करून घेतो. मला हा साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण प्रयोग वाटतो, कारण त्या बाहूपाशी ते कडेही नसते.

अलीकडे बेल्जियममधील मॉन्स विद्यापीठ आणि अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ येथील संशोधकांनी, जिथे पाय टेकतो तेवढीच जागा उजळून दिसेल अशा पारदर्शक पृष्ठभागावर तारामासे चालवले आणि प्रत्येक पाय किती वेळ चिकटून राहतो हे मोजले. पाय जितका जास्त वेळ टेकलेला, तितकी चाल मंद, असे त्यांना दिसले. मग त्यांनी तारामाशांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या पाव आणि निम्म्या वजनाची ओझी बांधली, तेव्हा पाय अधिक वेळ चिकटून राहू लागले. उलटे लटकून चालतानाही पायांच्या टेकण्याच्या वेळेत बदल झाला. जमिनीवर चालताना शरीराचे वजन पायांवर दाबते, तर छताला लटकताना तेच वजन पायांना ओढते. हा ताण प्रत्येक पाय आपल्यापुरता ओळखतो आणि सर्व पाय एकाच शरीराला जोडलेले असल्यामुळे त्यांच्या छोट्या छोट्या निर्णयांतून सबंध प्राण्याची चाल घडते. थोडक्यात, गुरुत्वाकर्षण तारामाशाला दिशा म्हणून नव्हे, तर पायांवरचा भार म्हणून जाणवते.

कोकणच्या खडपात हा भार दर ओहोटीला बदलत असतो. पाण्यात उत्प्लावक बल तारामाशाचे बरेचसे वजन पेलून धरते. पाणी उतरून तो कातळावर उघडा पडला की तेच वजन, चुनखडीच्या लहान लहान तुकड्यांनी बनलेल्या सांगाड्यासह, पूर्णपणे मऊ पायांवर येते. अशा वेळी तो खडकाला घट्ट धरून बसतो आणि त्याला जोराने उपटल्यास काही पाय तुटून दगडावरच राहतात.

उताणा पडलेला खडकावरील तारामासा आधी एखाद्या बाहूचे टोक पिळून तिथले पाय जमिनीला टेकवतो आणि त्यांच्या पकडीवर उरलेले अंग कोलांटी मारल्यासारखे ओढून घेतो. वाळूत पुरून राहणाऱ्या, बाहूंच्या कडांना काटे असलेल्या जातींच्या टोकदार पायांना मात्र चकत्या नसतात, त्यामुळे त्यांना हा मार्ग मोकळा नाही. असा तारामासा बाहू वाकवून अंगाचा तोल हळूहळू एका बाजूला नेतो, आणि तो पुरेसा ढळला की पुढचे काम गुरुत्वाकर्षणच करते व तो कलंडून पालथा होतो.