अमिनो आम्ल निर्बंध आणि कर्करोग

प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांपैकी एखादे ठरावीक आम्ल आहारातून कमी करून किंवा रक्तातून काढून टाकून कर्करोगाची वाढ रोखण्याची पद्धत. उपास करणे किंवा सरसकट प्रथिने तोडणे म्हणजे हा निर्बंध नव्हे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा ॲस्पॅराजिन या आम्लाचा आहे. १९५३ साली अमेरिकेत जॉन किड यांना दिसले, की गिनीपिगचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टोचल्यावर उंदरांमधील लसिकापेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) गाठी विरघळतात. सशाच्या किंवा घोड्याच्या सीरमने तसे होत नव्हते. १९६१ मध्ये जॉन ब्रूम यांनी याचे श्रेय ॲस्पॅराजिनेज या विकराला (एन्झाइमला) दिले. हे विकर रक्तातील ॲस्पॅराजिनचे विघटन करते. निरोगी पेशींचे त्यावाचून अडत नाही, कारण बहुतेक पेशी ते स्वतः बनवतात. मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातील पेशींना मात्र ते पुरेसे बनवता येत नाही. बाहेरचा पुरवठा तुटला की त्यांचे प्रथिन तयार होणे थांबते आणि त्या मरतात. जिवाणूंपासून मिळवलेले हे विकर आजही या मुलांच्या उपचारात इंजेक्शनने देतात. ॲलर्जी, स्वादुपिंडाचा दाह आणि रक्ताच्या गुठळ्या हे त्याचे गंभीर दुष्परिणाम आहेत.

हेच काम नुसत्या पथ्याने साधणे फार अवघड. ॲस्पॅराजिन डाळी, दूध, अंडी, मांस, बटाटे अशा असंख्य पदार्थांत असते, शिवाय यकृतही ते बनवते. तरीही उंदरांमध्ये आहाराचा परिणाम दिसला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तनाच्या कर्करोगावरील प्रयोगांत ॲस्पॅराजिन कमी केल्यावर मूळ गाठ फारशी घटली नाही, पण तिचा इतर अवयवांतील फैलाव कमी झाला. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे मोठे कारण हा फैलावच असल्यामुळे हा निष्कर्ष मोलाचा ठरतो.

मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल शरीर नव्याने तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच घ्यावे लागते. अंडी, मासे आणि तीळ यांत ते भरपूर, डाळींत कमी असते. अनेक कर्कपेशी त्यावर निरोगी पेशींपेक्षा जास्त अवलंबून असतात. २०१९ च्या एका अभ्यासात मेथिओनिन कमी असलेल्या आहारामुळे उंदरांमध्ये केमोथेरपी आणि रेडिएशन अधिक प्रभावी ठरले. त्याच अभ्यासातील ६ निरोगी माणसांच्या चयापचयात तीन आठवड्यांत उंदरांसारखेच बदल दिसले. गाठीवरचा परिणाम मात्र या माणसांत तपासलेला नव्हता.

रुग्णाने स्वतःच्या मनाने डाळ, दूध, अंडी बंद करणे घातक आहे. कर्करोगात वजन आणि स्नायू आधीच झडतात, आणि गाठीशी लढणाऱ्या टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींनाही हीच आम्ले लागतात. शिवाय प्रत्येक गाठीची गरज वेगळी असते. सेरीन आणि ग्लायसीन ही अमिनो आम्ले वगळलेल्या आहाराने उंदरांमधील काही लसिकार्बुदे (लसिकापेशींच्या गाठी) आणि आतड्याच्या गाठी मंदावल्या. केरॅस (KRAS) या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकातील बिघाडामुळे झालेल्या स्वादुपिंडाच्या गाठींनी मात्र फारशी दाद दिली नाही, कारण त्या बिघाडामुळे सेरीन बनवणारी विकरे पेशीतच वाढतात.