अमेरिकेतील संघीय न्यायव्यवस्था

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात : प्रत्येक राज्याची स्वतःची आणि संघराज्याची. दुसरी पहिलीच्या डोक्यावर बसलेली नाही, हे आधी लक्षात घ्यावे. घटस्फोट, वारसा, भाडेकरार, अपघात, बहुतेक खून असे रोजचे खटले राज्याच्याच न्यायालयांत सुरू होतात आणि तिथेच संपतात. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, याबाबत त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा असतो. संघीय कायदा किंवा राज्यघटना यांच्याशी विरोध आला, तरच संघीय सर्वोच्च न्यायालय त्यात हात घालते.

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने फक्त सर्वोच्च न्यायालय नेमून दिले. खालची न्यायालये काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, मर्जीवर सोडली. काँग्रेसने १७८९ च्या कायद्याने ती स्थापली. आज ९४ जिल्हा न्यायालये आणि १३ अपील न्यायालये आहेत. सर्वोच्च न्यायालयात १८६९ पासून नऊ न्यायाधीश असतात. या तिन्ही पायऱ्यांवरील न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) संमतीने नेमतात. ते वर्तणूक चांगली असेतो पदावर राहतात आणि त्यांचा पगार कापता येत नाही. महाभियोगाशिवाय त्यांना हटवता येत नाही.

या व्यवस्थेची किल्ली ‘अधिकारक्षेत्र’ या कल्पनेत आहे. संघीय न्यायालयाला सरसकट अधिकार नाहीत; जेवढे दिले तेवढेच. म्हणून दाव्यात कोण बरोबर, हा प्रश्न नंतरचा. हा दावा आपल्याकडे चालतो का, हे आधी. दिवाणी दाव्यांना येथे मुख्यतः दोन दारे आहेत. दावा संघीय कायद्यावर, तहावर किंवा राज्यघटनेवर उभा असला तर एक दार उघडते. दुसरे दार पक्षकार वेगवेगळ्या राज्यांचे रहिवासी असले आणि दाव्याची रक्कम ७५,००० डॉलरहून अधिक असली की उघडते. परक्या राज्यातल्या माणसावर स्थानिक न्यायालयात अन्याय होईल, ही भीती त्यामागे होती. दोन्ही पक्ष राजी असले तरी नसलेला अधिकार निर्माण होत नाही. १८०४ मध्ये कॅप्रन विरुद्ध व्हॅन नूर्डेन या प्रकरणात तर दावा हरलेल्या वादीनेच सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की मी ज्या न्यायालयात गेलो त्याला अधिकारच नव्हता. न्यायालयाने ते मानले आणि निकाल रद्द केला.

दुसऱ्या दाराने आलेल्या दाव्याला कायदा कोणता लावायचा? पेनसिल्व्हेनियात रात्री रुळांच्या कडेने चाललेल्या एका माणसाला जाणाऱ्या मालगाडीतून बाहेर आलेल्या वस्तूचा धक्का बसला आणि त्याने हात गमावला. त्याने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला, कारण तेथे न्यायाधीश राज्याच्या कायद्याऐवजी निकालांतून घडवलेला स्वतःचा ‘सामान्य कायदा’ लावत आणि तो त्याला सोयीचा होता. ज्युरीने ३०,००० डॉलर मंजूर केले. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले : अशा दाव्यात राज्याचाच कायदा लागतो. ईरी रेलरोड विरुद्ध टॉमकिन्स हा तो निकाल. अपंग झालेल्या माणसाच्या दृष्टीने तो कठोर होता, पण न्यायालय बदलले की कायदाही बदलायचा, ही विसंगती त्याने मोडली.

वादीला दाद मागण्याचा हक्कही दाखवावा लागतो : प्रत्यक्ष हानी झाली, ती प्रतिवादीमुळे झाली आणि निकालाने भरून निघेल. नुसता सल्ला ही न्यायालये देत नाहीत. १७९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या सरकारने युरोपातील युद्धातल्या तटस्थतेविषयी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले, तेव्हा न्यायाधीशांनी नम्रपणे नकार दिला. घटनाविरोधी कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार त्यांनी सांगितला तो १८०३ मध्ये, मार्बरी विरुद्ध मॅडिसन या समोर आलेल्या खटल्यातच.

जिल्हा न्यायालयात साक्षीपुरावा होतो. अपील न्यायालयात साक्षीदार नसतात. सहसा तीन न्यायाधीश कागदपत्रे आणि युक्तिवाद पाहतात. अकरा अपील न्यायालये क्रमांकाने ओळखली जातात, एक राजधानीसाठी आहे, आणि १९८२ मध्ये स्थापलेले एक पेटंटसारख्या ठरावीक विषयांची अपिले देशभरातून घेते. एका सर्किटचा (म्हणजे एका अपील न्यायालयाच्या क्षेत्राचा) निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नसल्यामुळे एकाच संघीय कायद्याचे दोन ठिकाणी दोन अर्थ लागू शकतात. सर्वोच्च न्यायालय प्रकरण हाती घेते, ते बहुधा हा मतभेद मिटवण्यासाठी. त्यासाठी नऊपैकी चार न्यायाधीशांची मते पुरतात. हजारो अर्जांपैकी फार थोडे स्वीकारले जातात. अर्ज नाकारला म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरवला, असे मात्र नाही. तो निकाल तेवढ्या सर्किटपुरता कायम राहतो.