ताईजीच्वान

ताईजीच्वान : संथ, अखंड व वर्तुळाकार हालचालींची चिनी युद्धकला. आज ती मुख्यतः आरोग्य, तोल व मनःस्वास्थ्य यांसाठी केली जाते. मराठीत ‘ताई ची’ हे आटोपशीर रूप रूढ आहे. मात्र त्यातील ‘ची’ म्हणजे प्राणशक्तिवाचक ‘ची’ नव्हे. ‘ताईजी’ ही यिन व यांग या परस्परपूरक तत्त्वांच्या मुळाशी असलेल्या आदितत्त्वाची संज्ञा होय. ‘जी’ या शब्दाचा मूळ अर्थ घराचे आढे. ‘च्वान’ म्हणजे मूठ, त्यावरून मुष्टियुद्ध. ताईजी ही संकल्पना यी जिंग या प्राचीन चिनी ग्रंथाच्या भाष्यपरंपरेतील असून सुंग काळातील तत्त्वज्ञ चौ दुनयी (१०१७–७३) याने तिचे आकृतीसह विवरण केले. युद्धकलेला हे नाव पुष्कळ उशिरा, बहुधा एकोणिसाव्या शतकात मिळाले.

उगम : याविषयी तीव्र मतभेद आहेत. लोकप्रिय कथेनुसार वूदांग पर्वतावरील ताओपंथी साधू झांग सानफेंग याने ही कला निर्माण केली. त्याचा काळ कोणी सुंग, तर कोणी त्यानंतरच्या युआन–मिंग राजवटींचा मानतात. मिंग राजवंशाच्या अधिकृत इतिहासात त्याचे चरित्र आहे, पण त्यात युद्धकलेचा उल्लेख नाही. विद्वान ह्वांग झोंगशी याने १६६९ मध्ये लिहिलेल्या एका समाधिलेखात ‘अंतर्मुखी’ (स्नायुबळापेक्षा आंतरिक शक्तीवर भर देणाऱ्या) मुष्टियुद्धाचे जनकत्व सानफेंगकडे दिले आहे. तेथेही ताईजीचे नाव येत नाही. बौद्ध शाओलिन मठाची विद्या परकी आणि ताओपंथी वूदांगची स्वदेशी, अशी तेव्हाच्या परकीय मांचू सत्तेवरची सूचक टीका त्या लेखात काही अभ्यासकांना दिसते. ताईजीचा जाणकार ली यीयू (१८३२–९२) याने तर १८८१ च्या सुमारास, ही कला कोणापासून सुरू झाली ते माहीत नाही, असे स्वच्छ लिहून ठेवले आहे.

युद्धकलांचा इतिहासकार तांग हाव याने १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हनान प्रांतातील ‘वन’ नावाच्या परगण्यातल्या चेनजियागौ या गावी जाऊन चेन कुळाची वंशावळ तपासली. तीत चेन वांगथिंग (सतरावे शतक) हा कुळाच्या मुष्टियुद्धाचा प्रवर्तक असल्याची टीप आढळते. मिंग सेनापती ची जीग्वांग याने सोळाव्या शतकात मुष्टियुद्धाच्या ३२ स्थिती नोंदल्या होत्या. त्यांपैकी २९ चेन परंपरेत सापडतात, हा तांगचा दुसरा आधार. वंशावळीतील टीप उत्तरकालीन असावी, असा आक्षेप घेतला गेला आहे. दुसरा इतिहासकार शू झन याच्या मते ही विद्या गावात बाहेरून आली. वांग झोंगयुए या अज्ञातप्राय लेखकाच्या नावावरचा ताईजीचा सूत्रग्रंथ १८५० नंतर एका मिठाच्या दुकानात सापडल्याचे सांगतात. त्यामुळे गुंता वाढलाच. तरीही कागदोपत्री पुराव्याचा कल चेनजियागौकडेच आहे.

बोधिधर्माने भारतातून शाओलिन मठात युद्धकला नेल्याची कथा भारतात आवडीने सांगितली जाते. ती ज्या व्यायामग्रंथावर उभी आहे तो १६२४ चा मानला जातो. म्हणजे बोधिधर्मानंतर हजारभर वर्षांनी रचलेला. ताईजीशी तिचा संबंध नाही.

प्रसार : चेन चांगशिंग (१७७१–१८५३) याच्याकडे शिकलेल्या यांग लूचान (१७९९–१८७२) याने ही कला बीजिंगला नेली. पुढे चेन, यांग, वू, दुसरे वू व सुन अशी पाच मुख्य घराणी झाली (दोन्ही ‘वू’ देवनागरीत सारखेच दिसतात, चिनीत चिन्हे व स्वर वेगळे). लूचानचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने उड्या आणि झटक्याचे प्रहार गाळून संच (ठरावीक क्रमाच्या हालचालींची मालिका) संथ व एकसारखा केला. बंदुकांच्या काळात मुष्टियुद्धाचे लष्करी मोल उरले नव्हते. राष्ट्र सुदृढ करण्याची भाषा मात्र जोरात होती. या वातावरणात सुन लूतांग याच्यासारख्या लेखकांनी कसरत, ताओपंथी साधना व चारित्र्य यांची सांगड घातली. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग पद्धतीवरून २४ स्थितींचा सोपा संच तयार केला. बागांमधून आज दिसतो तो बहुधा हाच. तो सुमारे पाच मिनिटांत पुरा होतो.

साधना : या संचातील ‘रानघोड्याची आयाळ विंचरणे’ ही हालचाल नमुन्यादाखल पाहता येईल. दोन्ही हातांत चेंडू धरल्यासारखे करून उजवा हात वर, डावा खाली ठेवतात. डाव्या पायाची टाच आधी टेकते, मग तळवा. भार पुढे सरकतो तशी कंबर वळते. डावा हात डोळ्यांच्या उंचीपर्यंत चढतो आणि उजवा मांडीशेजारी उतरतो. भार कोणत्या पायावर आहे हे प्रत्येक क्षणी स्पष्ट असावे लागते. याला ‘रिकामे’ व ‘भरलेले’ यांतील विवेक म्हणतात. अंग ‘सोंग’, म्हणजे सैल हवे, पण ढिले नव्हे (मराठी सोंगाशी याचा संबंध नाही). नवशिक्याचे खांदे हमखास उचलले जातात.

जोडीने करावयाच्या ‘तुइशोउ’ या सरावात मनगटे एकमेकांना चिकटवून समोरच्याचा जोर ओळखतात आणि तो रोखण्याऐवजी वळवतात. युद्धाचा अंश येथेच जिवंत राहिला आहे. केवळ संच करणाऱ्याला हे अंग सहसा कळत नाही. याखेरीज सरळ तलवार, वक्र तलवार व भाला यांचे संच आहेत.

आरोग्यविषयक दावे : पारंपरिक लेखनात अनेक रोगांवर गुण सांगितला आहे, तो सगळाच स्वीकारण्याजोगा नाही. तोल व वार्धक्यातील पडणे यांबाबत पुरावा त्यामानाने भक्कम आहे. पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरील २०१२ च्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताईजी करणाऱ्यांचा तोल ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुधारला आणि त्यांचे पडणेही घटले. वजनांचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत मात्र पडण्याच्या प्रमाणात तसा फरक आढळला नाही. गुडघ्याच्या संधिवाताविषयीच्या २०१६ च्या २०४ रुग्णांवरील चाचणीत ताईजीचा गुण भौतिकोपचाराएवढाच दिसला.

आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० पासून असलेल्या वूशूमध्ये ताईजीचा समावेश होतो. स्पर्धेच्या संचांत चेंगफूने गाळलेल्या उड्या परत आल्या आहेत. युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये ताईजीच्वानची नोंद मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.