सागरी पहारा व टक्कर-प्रतिबंध

समुद्रात दोन नौकांची धडक होऊ नये म्हणून पाळायचे आंतरराष्ट्रीय नियम आणि त्यासाठी जहाजाच्या ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या उंचावरच्या खोलीत) अहोरात्र ठेवला जाणारा पहारा. खलाशांच्या बोलण्यात हा पहारा म्हणजे ‘वॉच’ आणि नियम म्हणजे ‘कोलरेग्ज’ किंवा नुसते ‘रूल्स’. सध्याचे नियम २० ऑक्टोबर १९७२ रोजी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरले व १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. खुला समुद्र आणि त्याला जोडलेले, सागरी जहाजे जाऊ शकतील असे सर्व पाणी त्यांच्या कक्षेत येते. तीनशे मीटर लांबीच्या तेलवाहू जहाजाला जे नियम, तेच करंज्याहून निघालेल्या मच्छीमार बोटीलाही लागू असतात.

शिडाच्या काळात वारा कोणत्या बाजूचा यावरून कोणी वाट द्यायची हे रिवाजाने ठरत असे. वाऱ्याची पर्वा न करता हव्या त्या दिशेला जाणारी वाफेची जहाजे आली आणि हा रिवाज तोकडा पडला. १८४० मध्ये लंडनच्या ट्रिनिटी हाउस या नौकानयनाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने वाफेच्या जहाजांसाठी नियम काढले. १८६३ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून नियमावली केली आणि बऱ्याच सागरी देशांनी ती उचलली. पुढे १८८९ ची वॉशिंग्टन परिषद, १९१० चा ब्रुसेल्स करार आणि १९६० ची सुधारणा असे टप्पे आले. १९७२ च्या कराराने मोठी भर घातली ती मार्गविभाजनाची: गर्दीच्या ठिकाणी जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांचे पट्टे वेगळे करणे. डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ पासून असे पट्टे होते. करारानंतर अशा मान्यताप्राप्त पट्ट्यांमधले नियम पाळणे बंधनकारक झाले.

धोका ओळखण्याची रीत

सगळ्या नियमावलीचे मूळ पाचव्या नियमात आहे. प्रत्येक नौकेने सदासर्वकाळ डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असेल त्या प्रत्येक साधनाने योग्य टेहळणी ठेवावी, असे तो सांगतो. डोळे व कान आधी आणि यंत्रे नंतर, हा क्रम विचारपूर्वक ठेवलेला आहे.

समोरच्या जहाजाशी धडक होणार की नाही, हे ओळखण्याची रीत साधी आहे. रात्री उजव्या अंगाला लांबवर एक पांढरा दिवा दिसला, की वॉचवरचा अधिकारी ब्रिजच्या पंखावर (बाजूला बाहेर निघालेल्या सज्जावर) जातो, होकायंत्राच्या तबकडीवरून त्या दिव्याची दिशा घेतो आणि आकडा टिपून ठेवतो. समजा ०४० अंश आले. तीन-चार मिनिटांनी पुन्हा ०४०. आणखी थोड्या वेळाने ०४०, आणि आता पांढऱ्या दिव्याखाली लाल ठिपकाही दिसू लागला. दिशा तीच आणि अंतर घटते आहे, म्हणजे दोन्ही जहाजे एकाच बिंदूकडे चालली आहेत. दिशा ठळकपणे बदलत असेल, तर ते जहाज पुढून किंवा मागून निघून जाईल. जहाज फार मोठे असेल, कशाला तरी ओढत असेल किंवा अगदी जवळ आले असेल, तर मात्र दिशा बदलत असूनही धोका राहतो. ही ताकीदही नियमातच आहे. तिच्याच शेजारी नियमावलीतले बहुधा सर्वात मोलाचे वाक्य येते: तुटपुंज्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या तुटपुंज्या माहितीवरून, अंदाज बांधू नयेत.

घाई कशाची, हे हिशोबाने कळते. पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा डोलकाठीवरचा पांढरा दिवा किमान ६ सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. बाजूचे लाल-हिरवे दिवे किमान ३ मैलांवरून. समोरासमोर येणारी दोन जहाजे प्रत्येकी २० नॉट (ताशी २० सागरी मैल) वेगाने चालली असतील, तर ती ताशी ४० मैलांनी जवळ येतात. पांढरा दिवा दिसल्यापासून हाती नऊ मिनिटे उरतात, लाल-हिरवा दिसल्यापासून साडेचार. त्यात जहाजाला ब्रेक नसतो. पूर्ण वेगातून इंजिन उलटे फिरवून थांबताना जहाजाने आपल्या लांबीच्या १५ पटींपेक्षा जास्त अंतर जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तीनशे मीटरच्या जहाजाला हे मानक पाळूनही साडेचार किलोमीटर लागू शकतात. म्हणून आठवा नियम सांगतो की वळायचे ते वेळेत आणि ठसठशीत वळायचे, समोरच्याला डोळ्यांनी किंवा रडारवर चटकन दिसेल इतके. दोन-दोन, तीन-तीन अंशांनी हळूहळू सरकत जाणे हा वॉचकीपरचा घातक दोष मानला जातो.

वाट कोणी द्यायची

दोन यांत्रिक जहाजे नाकासमोर आली, तर दोघांनीही उजवीकडे वळायचे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या अंगाला दुसरे जहाज आहे त्याने बाजूला व्हायचे आणि शक्यतो दुसऱ्याच्या पुढून जायचे नाही. मागून येऊन ओलांडणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचे, मग तो शिडाचा असो वा इंजिनाचा. दिव्यांची रचना याच गणितावर बेतलेली आहे. डावीकडचा लाल व उजवीकडचा हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसतो, मागचा पांढरा १३५ अंशांत. तिघे मिळून वर्तुळ पुरे करतात. त्यामुळे काळोखातल्या जहाजाचा कोणता दिवा दिसतो यावरून ते कोणत्या अंगाने उभे आहे ते कळते.

ज्याने वाट द्यायची नसते, त्याच्यावरही जबाबदारी असते. त्याने आपली दिशा व वेग कायम ठेवायचा, म्हणजे वाट देणाऱ्याला हिशोब करता येतो. पण समोरचा हलत नाही असे दिसले, की पाच किंवा अधिक छोटे भोंगे देऊन त्याला शंका कळवायची. मग वाट द्यायची नसलेला हा स्वतःही वळू शकतो, आणि दुसऱ्याच्या एकट्याच्या हालचालीने धडक टळणार नाही अशी वेळ आली तर त्याने वळलेच पाहिजे. ‘माझा हक्क होता’ हा बचाव या नियमांत बसत नाही. दुसऱ्या नियमाने तो दरवाजाच बंद केला आहे: नियम पाळले म्हणून सामान्य सावधगिरीतली हयगय माफ होत नाही.

धुक्यात किंवा मुसळधार पावसात, जहाजे एकमेकांना दिसत नसताना, वाट देणारा आणि वाट घेणारा हा भेद राहत नाही. सगळ्यांनीच सुरक्षित वेग ठेवायचा. चालते जहाज जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा देते. फक्त रडारवर दिसणारे जहाज पुढच्या अंगाला असेल, तर त्याला ओलांडत असल्याखेरीज डावीकडे वळणे टाळायचे. हा नियम किती महागात शिकला गेला, ते पुढच्या घटनेवरून दिसते.

आंद्रेया दोरिया व स्टॉकहोम

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ इटलीचे ‘आंद्रेया दोरिया’ हे प्रवासी जहाज धुक्यातून न्यूयॉर्ककडे चालले होते. वेग जेमतेम कमी केलेला, जवळपास २२ नॉट. न्यूयॉर्कहून निघालेले स्वीडनचे ‘स्टॉकहोम’ समोरून सुमारे १८ नॉटने येत होते. त्याच्या बाजूला आकाश बरेच मोकळे होते. दोघांकडे रडार होते आणि दोघांनी एकमेकांना कित्येक मैलांवरून पाहिले होते. इटालियन ब्रिजवर कॅप्टन पिएरो कालामाई यांची समजूत होती, की जहाजे एकमेकांच्या उजव्या अंगाने जाणार. ते अंतर वाढावे म्हणून त्यांनी जहाज थोडे डावीकडे घेतले. स्टॉकहोमवरच्या तरुण अधिकाऱ्याची समजूत उलट होती. त्याने अंतर वाढवायला जहाज उजवीकडे घेतले. आंद्रेया दोरियावर रडारच्या नोंदी कागदावर मांडून समोरच्याची खरी वाट काढली गेली नव्हती.

धुक्यातून दिवे दिसले तेव्हा उशीर झाला होता. स्टॉकहोमची बर्फ फोडण्यासाठी मजबूत केलेली नाळ (पुढचे टोक) आंद्रेया दोरियाच्या उजव्या कुशीत घुसली. दोन्ही जहाजांवरचे मिळून ५१ जण मेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंद्रेया दोरिया बुडाले. मदतीला आलेल्या जहाजांमुळे शेकडो प्रवासी वाचले, ही त्या रात्रीची मोठी गोष्ट. दोष कोणाचा याचा निवाडा न्यायालयात झालाच नाही, कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. रडारवरच्या नोंदी मांडणे किंवा तशीच पद्धतशीर नोंद ठेवणे आज नियमाने सक्तीचे आहे, आणि त्यामागे अशा ‘रडारच्या मदतीने’ झालेल्या धडकांचा अनुभव आहे.

ब्रिजवरचा पहारा

पहारा कसा ठेवायचा हे १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू करारात, म्हणजे खलाशांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे व पहारा यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. १९९५ व २०१० मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. रूढ पद्धत चार तास काम, आठ तास सुटी अशी, आणि वॉच कॅप्टनच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांत (‘मेट’) वाटलेले: बारा ते चार सेकंड मेट, चार ते आठ चीफ मेट, आठ ते बारा थर्ड मेट. सोबत टेहळणीला एक खलाशी. या खलाशाला टेहळणीत बाधा येईल असे दुसरे काम देता येत नाही. अधिकाऱ्याने एकट्याने वॉच ठेवायला फक्त दिवसा आणि परिस्थिती पूर्ण अनुकूल असतानाच मुभा आहे. कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेलेल्या माणसांनी सुकाणी आणि लुकआउट म्हणून ही कामे केली आहेत. त्यांच्या नजरेवर किती जहाजे सुखरूप बंदराला लागली याची गणती कोणी ठेवलेली नाही, ती ठेवायला हवी होती.

पहारा बदलण्याची वेळ नाजूक असते. रात्री बाराच्या वॉचचा माणूस दहा-पंधरा मिनिटे आधी वर येतो. ब्रिजवर मिट्ट काळोख असतो, नकाशाचा दिवा पडद्याआड मंद ठेवलेला असतो. उजेडातून आलेल्या डोळ्यांना काळोखाची सवय होईपर्यंत त्याने ताबा घ्यायचा नाही, असे कराराचेच बंधन आहे. तोवर तो कॅप्टनचे रात्रीचे हुकूम वाचून त्याखाली सही करतो, जहाजाची जागा तपासतो, आजूबाजूच्या दिव्यांची माहिती घेतो. एखादे जहाज चुकवणे चालू असेल, तर ते पुरे होईपर्यंत ताबा बदलत नाही. आणखी एक तरतूद मोलाची आहे: कॅप्टन ब्रिजवर आला म्हणून जबाबदारी आपोआप त्याच्याकडे जात नाही. ‘आता जहाज माझ्याकडे’ असे त्याने स्पष्ट सांगावे लागते आणि दोघांना ते समजलेले असावे लागते. नाहीतर प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतो आहे.

थकवा हा पहाऱ्याचा खरा शत्रू. चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, त्यातला एक सलग भाग किमान ६ तासांचा, असा दंडक आहे. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या छोट्या मालवाहू बोटींवर दोनच अधिकारी सहा-सहा तास आळीपाळीने वॉच ठेवतात आणि बंदरात मालाची चढउतारही तेच बघतात. तिथे कागदावरचे तास आणि झोपेचे तास जुळत नाहीत. ब्रिजवर कोणी हालचाल केली नाही, तर ठरावीक काळाने, ३ ते १२ मिनिटांनी, इशारा देणारे यंत्र आता सक्तीचे आहे. पण झोपलेल्याला उठवणे आणि जागत्याला बघायला लावणे ही निराळी कामे आहेत.

जहाजाचे नाव, दिशा व वेग आपोआप प्रसारित करणाऱ्या एआयएस यंत्रणेने मोठी सोय केली, पण ज्याच्याकडे ती नाही तो पडद्यावर दिसतच नाही. व्हीएचएफ रेडिओवर बोलून काहीतरी परस्पर ठरवण्याचा मोहही धोक्याचा. चारपाच जहाजांच्या गर्दीत भलत्याच जहाजाशी बोलणे होते, आणि बोलण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

भारताचा पश्चिम किनारा

भारतात हे नियम १९७५ च्या विनियमांनी लागू आहेत आणि त्यांची देखरेख मुंबईतले नौवहन महासंचालनालय करते. अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांना तोंडी परीक्षेत नियम शब्दशः म्हणावे लागतात. दिव्यांचे चित्र दाखवून ‘हे काय आहे, तू काय करशील?’ असे विचारले जाते. या पाठांतराला नावे ठेवणारे आहेत. पण पहाटे साडेतीन वाजता पुस्तक उघडायला वेळ नसतो.

इथला कठीण प्रश्न मच्छीमारांचा आहे. पावसाळी बंदी उठली की हजारो बोटी समुद्रात उतरतात. जाळे ओढत नेणाऱ्या ट्रॉलरने पांढऱ्यावर हिरवा आणि इतर जाळी टाकणाऱ्याने पांढऱ्यावर लाल दिवा लावायचा असतो, पण डेकवरच्या प्रखर दिव्यांत ते हरवतात. लाकडी बोट रडारवर नीट उमटत नाही, खवळलेल्या पाण्यात तर लाटांच्या ठिपक्यांत मिसळून जाते. मासेमारी करणाऱ्या बोटीला मोठ्या जहाजाने वाट द्यायची हा अठरावा नियम. मात्र अरुंद चॅनेलमध्ये आणि मार्गविभाजनाच्या पट्ट्यात बोटीने जहाजाची वाट अडवायची नाही, हे नववा व दहावा नियम सांगतात. तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला) वाट मिळण्याचा नियम ठाऊक असतो आणि कॅप्टनला वाट न अडवण्याचा, आणि मुंबईच्या तोंडाशी दोघे एकाच पाण्यात असतात. केरळच्या किनाऱ्याजवळ २०१२ व २०१७ मध्ये मालवाहू जहाजांच्या धडकेने मच्छीमार दगावले. त्यानंतर १ ऑगस्ट २०२० पासून भारताच्या नैऋत्य समुद्रात व्यापारी जहाजांचे मार्ग मासेमारीपासून वेगळे करण्यात आले.

मुंबई बंदरानेही जबर किंमत मोजली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी दिवसाढवळ्या ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्यावरच्या खारफुटीपर्यंत पोचले आणि काही दिवस मुंबई व न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक थांबली. जवळपास सहा महिन्यांनी, ३० जानेवारी २०११ रोजी, नौदलाची ‘विंध्यगिरी’ ही फ्रिगेट युद्धनौका ‘नॉर्डलेक’ या व्यापारी जहाजाला धडकली. तिला आग लागली आणि धक्क्याला आणल्यावर ती बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. त्यांतली बहुतेक वाचली ती नौदल, तटरक्षक दल, पोलीस आणि आसपासच्या बोटी ताबडतोब धावून आल्या म्हणून. धडकेनंतर शक्य असेल तोवर समोरच्या नौकेला व तिच्यावरच्या माणसांना मदत करणे, आपल्या जहाजाचे नाव व बंदर सांगणे, हे प्रत्येक कॅप्टनवर १९१० च्या ब्रुसेल्स करारापासून कायद्याने बंधनकारक आहे. दोष कोणाचाही असो.